पटावरची भूमि

बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नाहीं, नदी नाहीं, चिखल नाहीं. चौसष्ट घरें, निम्मीं काळीं व निम्मीं पांढरीं. पण काळ्या घरांत शिरतांना प्याद्यास दम लागत नाहीं, कीं पांढऱ्या घरांत हत्तीचे पाय रुतत नाहींत. ज्या खेळास आपल्या पूर्वजांनीं 'चतुरंग' हें सेनेचेंच नांव दिलें, त्यांत सेनेचीं चारी अंगें आलीं. परंतु सेना जिच्यावर उभी राहते ती भूमि मात्र आली नाहीं. खेळ म्हणून पाहिलें तर ही उणीव मुळींच नव्हे. बुद्धिबळाची सारी गोडी त्या निर्विकार सपाटींतच आहे. पण युद्ध शिकविण्याच्या हेतूनें ज्यांनीं त्या पटाकडे पाहिलें, त्यांस हीच गोष्ट प्रथम खटकली. सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं जर्मनींत युद्धक्रीडेचा जो आरंभ झाला, तो या एका उणिवेची भरपाई करण्याच्या खटपटींतून झाला.

त्या क्रीडेचे नियम सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. तिच्यासाठीं जे पट व जे नकाशे तयार झाले त्यांत जमीन कशी दाखविली गेली, आणि तशी दाखवितांना काय साधलें व काय निसटलें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. नकाशावर टीका ती काय करावयाची, असें कोणी विचारील. आमचें म्हणणें असें कीं, नकाशा हाही एक ग्रंथच होय. ग्रंथकार जसा काय सांगावें व काय गाळावें याची निवड करतो, तशीच निवड नकाशा काढणारासही करावी लागते. फरक इतकाच कीं, ग्रंथकाराची निवड वाचकाच्या लक्षांत येते आणि नकाशाची येत नाहीं. आपण नकाशा वाचीत आहों हें विसरून आपण जमीनच पाहत आहों असें वाटूं लागतें. हा भ्रम घरांत बसून खेळणारास फारसा बाधत नाहीं. पण जो तरुण अधिकारी त्याच कागदावर युद्ध शिकून उद्यां रणांगणावर जाणार, त्याच्या हाताखालच्या माणसांस तो बाधतो.

पटावर भूमि आणण्याचें काम पहिल्यानें नेटानें ज्यानें केलें तो सैनिक नव्हता. ब्रुन्सविक येथील योहान ख्रिस्टियान लुडविग हेलविग या गणितज्ञानें १७८० सालीं आपला युद्धखेळ प्रसिद्ध केला. बुद्धिबळाचाच पट त्यानें वाढविला. त्यावर १,६१७ घरें होतीं, आणि त्या घरांचे रंग केवळ शोभेचे नव्हते. एका रंगाचें घर डोंगराचें, दुसऱ्याचें दलदलीचें, तिसऱ्याचें पाण्याचें. त्यांची मांडणीही ठराविक नव्हती. खेळणारांनीं आपल्या मनाजोगती रणभूमि रचावी अशी मोकळीक होती. कल्पना चतुर होती यांत शंका नाहीं. घोड्याची चाल आतां केवळ घोड्यावर अवलंबून न राहतां तो कोठें उभा आहे यावरही अवलंबून राहूं लागली.

परंतु या पटावर भूमीला प्रकार आहेत, प्रमाण नाहीं. घर एक तर डोंगराचें असतें किंवा नसतें. ज्यानें एकदां तरी घाट पायीं चढला आहे त्यास ठाऊक आहे कीं, डोंगर लागला हें पायांना कळतें, पण तो कोणत्या पावलापासून लागला हें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. हेलविगच्या पटावर डोंगर भिंतीप्रमाणें एकदम सुरू होतो व भिंतीप्रमाणेंच संपतो. त्यानें भूमीचीं नांवें दिलीं, तिचा आकार दिला नाहीं.

आकार देण्याचा प्रयत्न पुढच्या पिढींत ब्रेस्लाऊ येथील बॅरन गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ या प्रशियन मुलकी अधिकाऱ्यानें केला. त्यानें घरें टाकून दिलीं आणि ओल्या वाळूंतच टेकड्या व दऱ्या घडविल्या. ही युक्ति आपल्याकडील मुलांस नवी वाटावयाची नाहीं. दिवाळींत अंगणाच्या कोपऱ्यांत दगडमातीचा किल्ला रचून, त्यावर अळीव पेरून, चढावर मातीचे मावळे उभे करणारा मुलगा नेमकें हेंच करीत असतो. मावळा घसरून पडला कीं तेथें चढ फार उभा झाला, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. चढ हातालाच लागतो. नकाशाच्या कोणत्याही पद्धतीस हा प्रत्यय आजतागायत देतां आलेला नाहीं.

या खेळाची वार्ता राजापर्यंत गेली आणि राजानें तो पाहण्याची इच्छा दर्शविली. वाळूची पाटी राजापुढें नेणें बॅरनसाहेबांस प्रशस्त वाटेना. तेव्हां त्यांनीं खणांचें एक मोठें मेज करविलें. त्याच्या खणांत प्लॅस्टरचे चौकोनी तुकडे ठेवले होते; त्या तुकड्यांवर टेकड्या, ओढे, रस्ते व गांवें उठावानें काढून रंगविलीं होतीं. तुकडे जुळवावे तशी भूमि तयार व्हावी. १८१२ सालीं हें मेज राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याच्यापुढें मांडलें गेलें, आणि सुदैवानें तें बर्लिन येथें जतनही झालें आहे.

या मेजाची कारागिरी कितीही वाखाणण्यासारखी असली, तरी भूमीच्या चित्रणांत त्यानें एक पाऊल मागें घेतलें असें आमचें मत आहे. वाळूंत कोणतीही टेकडी करतां येत होती. तुकड्यांच्या मेजावर जी टेकडी खणांत आहे तीच मिळणार. एका तुकड्यावरचा ओढा दुसऱ्यावरच्या ओढ्यास जुळला पाहिजे, म्हणून ओढ्यानें तुकड्याच्या कडेस ठराविक जागींच पोंचलें पाहिजे. अशा रीतीनें रचलेली भूमि सुबक दिसते, पण ती जगांत कोठेंच नसते. शिवाय असलें मेज एका राजवाड्यांत एकच असावयाचें. ज्या शेंकडों लेफ्टनंटांस युद्ध शिकावयाचें होतें त्यांच्या खोल्यांत तें जाणें शक्य नव्हतें.

हा सगळा पेंच बॅरनच्या मुलानें, तोफखान्यांतील एका तरुण लेफ्टनंटानें, सोडविला; आणि तो सोडवितांना बापाची सगळी कारागिरी बाजूला ठेविली. १८२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकांत रणभूमि म्हणजे साधा कागदी नकाशा होता. त्याचें प्रमाण १:८,००० होतें; म्हणजे जमिनीवरचा एक मैल कागदावर सुमारें आठ इंच. त्या नकाशावर लाल व निळ्या रंगाचे धातूचे ठोकळे ठेवावयाचे; प्रत्येक ठोकळ्याची रुंदी त्या तुकडीच्या खऱ्या रुंदीस त्याच प्रमाणांत जुळणारी. एक डाव म्हणजे युद्धांतलीं दोन मिनिटें. मध्यें पंच, गोळीबाराचा परिणाम फाशांनीं, आणि शत्रूची जी तुकडी दिसण्यासारखी असेल तेवढीच पटावर ठेवावयाची. खऱ्या मोजणीनें काढलेला कोणताही प्रदेश आतां पट होऊं शकत होता, आणि तो छापतां येत होता.

मात्र कागद सपाट असतो. वाळूंत जो चढ हाताला लागत होता तो आतां डोळ्यांनीं वाचावयाचा होता. जुन्या नकाशांत टेकड्या बाजूनें पाहिल्यासारख्या काढीत. त्या दिसावयास गोड, पण टेकडीच्या पाठीमागें काय आहे तें टेकडीच झांकून टाकी. सेनापतीला नेमकें तेंच पाहावयाचें असतें. यावर उपाय सॅक्सनीच्या सैन्यांतील अधिकारी योहान गेओर्ग लेमान यानें १७९९ सालीं सुचविला होता. राइसविट्झच्या पटामागें खरें बळ या पद्धतीचें असल्यामुळें तिच्याकडे थोडें निरखून पाहिलें पाहिजे.

लेमानची कल्पना अशी. सूर्य बरोबर माथ्यावर आहे असें समजा. सपाट जमीन उजळ दिसेल. जमीन जितकी अधिक कललेली तितकी ती काळवंडेल. हा काळेपणा शाईच्या बारीक रेघांनीं दाखवावयाचा. पावसाचें पाणी ज्या दिशेनें वाहून जाईल त्या दिशेनें रेघा ओढावयाच्या, आणि उतार वाढेल तशा त्या जाड करावयाच्या. यांत अंदाजाचें काम नाहीं. शून्यापासून ४५ अंशांपर्यंतच्या उताराचे पांच पांच अंशांचे नऊ भाग केलेले आहेत. पांच अंशांच्या उतारावर नवांपैकीं एक भाग शाई व आठ भाग कागद. पंधरा अंशांवर तीन भाग शाई, सहा कागद. तीस अंशांवर सहा भाग शाई, तीन कागद. आणि ४५ अंशांवर निव्वळ काळें. त्याहून उभ्या कड्यावर फौजेची हालचालच व्हावयाची नाहीं, म्हणून त्यापुढें भेद करण्याचें कारण नाहीं.

या पद्धतीचें मर्म युद्धक्रीडेंत उघड होतें. राइसविट्झच्या खेळांत कोणत्या उतारावर कोणत्या दळाची चाल किती मंदावते, कोठें घोडदळाचा हल्ला थांबतो, कोठें पायदळाची रांग मोडते, हें सारें उताराच्या अंशांवरून ठरत असे. म्हणजे नकाशावर जेथें शाई दाट तेथें वेळ अधिक. रेघांची जाडी पाहून खेळणारास मिनिटांचा हिशेब करतां येई. चित्रकलेची एक खुबी आणि गणिताचें एक कोष्टक यांचा इतका नेटका मेळ नकाशाच्या इतिहासांत क्वचितच बसला असेल. पुढें प्रशियाचा जनरल स्टाफचा प्रमुख झालेला म्यूफ्लिंग यानें या रेघांत आणखी सुधारणा केली. पांच अंशांची रेघ आणि दहा अंशांची रेघ नुसत्या जाडीवरून ओळखणें कठीण. म्हणून त्यानें सौम्य उतारांसाठीं तुटक, नागमोडी अशा निरनिराळ्या जातींच्या रेघा ठरविल्या. याच म्यूफ्लिंगपुढें तरुण राइसविट्झनें आपला खेळ मांडून दाखविला. प्रथम तो थंडपणें पाहत होता. खेळ रंगला तसा तो उद्गारला कीं हा खेळ नव्हेच, हें तर युद्धाचें शिक्षण आहे, अशी कथा प्रसिद्ध आहे. तिच्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. जन्मभर ज्या रेघा त्यानें स्थिर कागदावर पाहिल्या, त्यांवरून त्या दिवशीं फौजा चालतांना दिसल्या. राइसविट्झच्या वांट्यास मात्र ही कीर्ति फार दिवस आली नाहीं. त्याची बदली टोर्गाऊ येथें झाली, आणि १८२७ सालीं त्यानें स्वतःच्या हातानें आयुष्य संपविलें.

एवढी स्तुति केल्यावर दोषांकडे वळणें हें टीकाकाराचें कर्तव्य आहे. रेघांची पद्धति उतार सांगते, उंची सांगत नाहीं. दोन टेकड्यांपैकीं उंच कोणती, हें नुसत्या रेघांवरून कळत नाहीं. आणि तें न कळल्यास या टेकडीवरून ती दिसेल काय, हेंही कळत नाहीं. टेकडीचा सपाट माथा पांढरा आणि दरीचा सपाट तळही पांढरा. डोंगराळ मुलखांत शाई इतकी दाटते कीं गांवांचीं नांवें व वाटा तिच्यांत बुडून जातात. हे दोष त्या काळच्या जाणत्यांसही ठाऊक होते, व महत्त्वाच्या जागीं उंचीचे आंकडे लिहून ते थोडेफार भरून काढीत. आम्हांस ज्या दोषाकडे लक्ष वेधावयाचें आहे तो याहून खोल आहे. लेमानचा नकाशा जमीन पायांच्या दृष्टीनें पाहतो. चालण्यास जें अवघड तें काळें, जें सोपें तें पांढरें. आणि पांढरें तें निर्धोक, असें डोळा आपोआप समजतो.

१७९९ सालीं ही समजूत फारशी चूक नव्हती. त्या वेळची बंदूक शंभर-दीडशें पावलांपलीकडे नेम धरून मारतां येत नसे. सौम्य चढावरून फौज झपाट्यानें चालून गेली कीं तिचें नुकसान आटोक्यांत राही. पण बंदूक बदलली आणि रेघा तशाच राहिल्या.

१८ ऑगस्ट १८७० रोजीं मेट्झजवळ जी मोठी लढाई झाली तींत सें-प्रिव्हा नांवाच्या खेड्यासमोर काय घडलें तें पाहण्यासारखें आहे. खेडें एका लांबलचक, उघड्या व अगदीं सौम्य चढाच्या माथ्यावर. तेथें मार्शल कानरोबेर याचें फ्रेंच पायदळ शासपो बंदुका घेऊन बसलें होतें. शासपोचा पल्ला सुमारें १,२०० मीटर. समोरच्या प्रशियन ड्रायझे बंदुकीचा त्याच्या निम्मा. व्युर्टेंबर्गचा प्रिन्स आउगुस्ट यानें, उत्तरेकडून वळसा घालून येणाऱ्या सॅक्सन सैन्याची वाट न पाहतां, प्रशियाचें गार्ड पायदळ त्या चढावरून वर पाठविलें. चढावर झाड नाहीं, बांध नाहीं, खळगा नाहीं. त्या दिवशीं गार्डचे सुमारें आठ हजार लोक पडले, आणि त्यांतील फार मोठा भाग पहिल्या थोड्या वेळांतच पडला. शेवटीं सॅक्सन आले, तोफांनीं खेडें पेटविलें, आणि संध्याकाळीं तें हातीं लागलें.

हा अनर्थ नकाशामुळें झाला असें आम्ही म्हणत नाहीं. घाई, अपुरा तोफांचा मारा आणि सेनापतींतील चढाओढ हीं कारणें इतिहासकारांनीं दाखविलेलीं आहेत. आमचा मुद्दा वेगळा आहे. रेघांच्या पद्धतीनें काढलेल्या कोणत्याही नकाशावर तो चढ जवळ जवळ कोराच दिसणार. पांच अंशांच्या उतारासही जेथें नवांपैकीं एकच भाग शाई, तेथें त्याहून सौम्य उतारास ती किती मिळणार! खडकाळ, तुटलेल्या, काळ्याकुट्ट रेघांच्या उतारावर माणूस धांपा टाकतो, पण त्यास दडावयास जागा मिळते. त्या गुळगुळीत पांढऱ्या चढावर त्याचे पाय भराभर उचलत होते आणि म्हणूनच तो गोळीसमोर उघडा होता. पायांस सोपी ती जमीन छातीस कठीण झाली होती, आणि हा फेरफार दाखविणारी खूण नकाशाच्या भाषेंत नव्हती.

आतां दुसरी पद्धति. एकाच उंचीच्या सर्व ठिकाणांतून जाणारी जी रेषा तिला समोच्च रेषा म्हणतात. पुराचें पाणी अमुक उंचीपर्यंत चढलें तर त्याचा कांठ जेथें येईल, तेथें ही रेषा येते. तिचा जन्म रणांगणावर झालेला नाहीं. निकोलास क्रूकियस या डच मोजणीदारानें १७३० च्या सुमारास मेर्वेडे नदीच्या तळाची खोली अशा रेषांनीं दाखविली. आणि १७७४ सालीं स्कॉटलंडमधील शिहॅलियन डोंगराच्या साह्यानें पृथ्वीचें वजन काढण्याचा जो प्रयोग झाला, त्याच्या हिशेबासाठीं चार्लस हटन यानें समान उंचीचे बिंदु जोडले. म्हणजे ही रेषा शांतपणें आंकडेमोड करणारांची. एकोणिसाव्या शतकांत ती हळूहळू सैनिकी नकाशांत आली, आणि युद्धक्रीडेंतील जुना वाद तिनें मिटविला. दोन ठिकाणांमध्यें कागदाची पट्टी ठेवावी, रेषा जेथें जेथें पट्टीस छेदतात तेथील उंची मांडावी, बिंदु जोडावे. मधली टेकडी नजरेच्या आड येते कीं नाहीं हें पंचास शपथेवर सांगतां येतें. पायांचा नकाशा जाऊन डोळ्यांचा नकाशा आला.

परंतु याही रेषेचें एक मौन आहे. दोन रेषांमधील अंतर दहा मीटरांचें असेल, तर त्यांच्यामध्यें असलेला पांच मीटरांचा उंचवटा एकाही रेषेस न छेदतां नाहींसा होऊं शकतो. पांच मीटर म्हणजे घोड्यावर बसलेल्या माणसाच्या जवळ जवळ दुप्पट. अशा उंचवट्यामागें एक अख्खी पलटण निजून राहील, आणि नकाशा तेथें सरळ उतार आहे असेंच सांगेल. जुना रेघा ओढणारा निदान त्या जागीं हात थबकवून चार बारीक रेघा अधिक ओढीत असे. त्यानें उंची सांगितली नाहीं, पण कांहीं तरी आहे एवढें सांगितलें. म्हणून आम्हांस दोन्ही पद्धति एकत्र वापरलेले नकाशेच युद्धाभ्यासास अधिक विश्वासाचे वाटतात, मग ते डोळ्यास कितीही गजबजलेले दिसोत.

सौंदर्याचा प्रश्न येथेंच निकालांत काढणें बरें. १८४५ ते १८६५ या काळांत स्वित्झर्लंडचा १:१,००,००० प्रमाणाचा जो नकाशा द्युफूर याच्या देखरेखीखालीं प्रसिद्ध झाला, त्याइतका देखणा रेघांचा नकाशा शोधून सांपडणार नाहीं. त्यांत सूर्य माथ्यावर नसून वायव्येस कल्पिला आहे. त्यामुळें डोंगर कागदांतून वर उठल्यासारखे भासतात. पण त्याच युक्तीनें सारख्याच उताराच्या दोन बाजूंपैकीं एक उजळ व दुसरी काळी होते. प्रवाशास हा नकाशा आल्प्स दाखवील. पण खेळाच्या पंचानें त्यावरून घोडदळाची चाल मोजूं म्हटलें तर एका बाजूच्या घोड्यांवर तो अन्याय करील. ज्या हेतूसाठीं वस्तु केली त्या हेतूनेंच तिचा गुणदोष पाहावा, हा काव्यांतला नियम येथेंही लागू आहे.

जुन्या लढाया पटावर पुन्हां खेळणारांपुढें आणखी एक अडचण असते. ती अशी कीं, भूमि स्वतःच बदलते. वॉटर्लू येथें वेलिंग्टननें आपलें पुष्कळसें सैन्य एका सौम्य उंचवट्याच्या पाठीमागें ठेविलें होतें, हें सर्वश्रुत आहे. त्या लढाईचें सारें रहस्य त्या थोड्याशा उंचीत आहे. पुढें ऑरेंजचा राजपुत्र जेथें जखमी झाला तेथें स्मारक म्हणून मातीची एक प्रचंड टेंकडी रचून तिच्यावर सिंह बसविण्यांत आला. हें काम १८२६ सालीं पुरें झालें. आणि त्या टेंकडीची माती कोठून आणली? त्याच उंचवट्यावरून. स्मारक उभारतांना ज्याचें स्मरण ठेवावयाचें तेंच खोदून काढलें गेलें. आज कोणी त्या जागेची कितीही सूक्ष्म मोजणी केली, तरी त्यास १८१५ ची भूमि मिळणार नाहीं. क्रान यानें १८१६ सालीं प्रसिद्ध केलेला रेघांचा नकाशाच तेथें साक्षीदार. लेमानची पद्धति इंग्रजी वाचकांस १८२२ सालीं ज्यानें समजावून दिली त्या विल्यम सायबोर्न यानें १८३० सालीं रणभूमीवरच मुक्काम करून मोजणी केली, व मैलास नऊ फूट या प्रमाणाची तिची प्रतिकृति १८३८ सालीं लंडनमध्यें मांडली. त्याच्या मोजणीच्या वेळीं सिंहाची टेंकडी उभी होती. रेघांचा इतका भक्त असूनही शेवटीं त्यास कागद अपुरा वाटला व तो उठावाच्या भूमीकडे वळला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१८७० नंतर खुद्द जर्मनींतच नियमांच्या कोष्टकांविरुद्ध ओरड सुरू झाली. मेकेल यानें १८७३ सालीं त्यांवर कडक टीका केली; आणि १८७० च्या मोहिमेंत मोल्टकेच्या कचेरींत काम केलेल्या फेर्डी द्यु फेर्नुआ यानें १८७६ सालीं फासे व कोष्टकें दोन्ही टाकून देऊन सारा निर्णय अनुभवी पंचावर सोंपविला. गंमत अशी कीं, याच सुमारास इंग्रजांस या खेळाची गोडी लागली ती जुन्या कोष्टकांची. त्यांच्यासाठीं १८७२ सालीं हे नियम इंग्रजींत आणणारा तोफखान्याचा अधिकारी इव्हलिन बेअरिंग हा त्याच वर्षीं व्हाइसरॉय नॉर्थब्रुक याचा खासगी चिटणीस होऊन हिंदुस्थानांत आला, आणि पुढें लॉर्ड क्रोमर या नांवानें इजिप्तचा कारभार करून प्रसिद्धीस पावला.

नकाशाच्या दृष्टीनें पाहतां फेर्डीच्या बंडाचा अर्थ असा होतो: कागदावर जें दाखवितां येत नाहीं तें पंचाच्या डोक्यांत असावें. तो चढ सौम्य असला तरी उघडा आहे. ती पांदी पावसांत चालण्याजोगी राहत नाहीं. त्या झाडींतून दिसत नाहीं पण आवाज येतो. हें ज्ञान रेघेंत मावत नाहीं, अनुभवांत मावतें. हा उपाय खरा आहे, पण महागही आहे. कोष्टक चुकलें तर तें वाचून दाखवून वाद घालतां येतो. पंच सेनापति असला आणि तो चुकला, तर लेफ्टनंटानें वाद कोणाशीं घालावा?

विसाव्या शतकांत हा खेळ सैन्याच्या कचेरींतून घरांत आला. एच्. जी. वेल्स यानें १९१३ सालच्या 'लिटल् वॉर्स' या पुस्तकांत दिवाणखान्याच्या जमिनीवर फळ्या, ठोकळे व झाडांच्या डहाळ्या मांडून मुलुख उभा केला, आणि खेळण्यांतल्या तोफेनें शिशाचे शिपाई पाडले. त्या पुस्तकाचा मोकळेपणा आम्हांस फार आवडतो. नकाशाच्या विद्येनें जें शंभर वर्षांत गमावलें होतें तें तेथें सहज परत आलें: खेळणारा गुडघ्यांवर ओणवतो, शिपायाच्या उंचीवरून पाहतो, आणि मग त्यास कळतें कीं वरून दिसणारें खालून दिसत नाहीं.

पुढें अमेरिकेंत चार्लस रॉबर्ट्स यानें १९५४ सालीं 'टॅक्टिक्स' हा खेळ काढला, व १९६१ पासून त्याच्या खेळांत षट्कोनी घरांचे नकाशे येऊं लागले. पुढें ती पद्धति जगभर रूढ झाली. सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असल्यामुळें चौकोनांतील कर्णाचा घोटाळा तींत राहत नाहीं, ही तिची सोय निर्विवाद आहे. पण आमच्या टीकेच्या दृष्टीनें पाहिलें तर वर्तुळ पुरें झालें: हेलविगचीं रंगीत घरें दोन कोपरे अधिक घेऊन परत आलीं. एका घरांत अर्ध्याहून अधिक रान असलें कीं सारें घर रानाचें. नदी आपला मार्ग सोडून षट्कोनांच्या कडांवरून वळणें घेत वाहते. आणि टेकडी म्हणजे बचाव करणाराचें बळ दुप्पट धरावें एवढी एक सूचना. या नकाशांचीं चित्रें पुष्कळदां मोठ्या हौसेनें रंगविलेलीं असतात, पण खेळणाराचा डोळा चार डावांनंतर चित्र पाहीनासा होतो. तो घराचा प्रकार तेवढा पाहतो. खेळ सोपा झाला, हिशेब वादातीत झाला, आणि चढ पुन्हां भिंतीप्रमाणें सुरू होऊं लागला.

तेव्हां या सर्वांत उत्तम नकाशा कोणता? एकाच नकाशास श्रेष्ठ ठरविण्याचा मोह आम्हांस होत नाहीं. वाळूची भूमि हातास खरी, पण ती कोणत्याच गांवाची नव्हे. लेमानच्या रेघा पायांस खऱ्या, समोच्च रेषा डोळ्यांस खऱ्या, षट्कोन हिशेबास खरे. तथापि एवढें म्हटल्यावांचून राहवत नाहीं कीं, १८२४ च्या त्या साध्या कागदी नकाशांत आपल्या काळाच्या युद्धाचें जितकें सत्य सामावलें होतें, तितकें पुढच्या कोणत्याही खेळाच्या नकाशांत त्याच्या काळाचें सामावलेलें नाहीं. त्याचा दोष एवढाच कीं, काळ पुढें गेल्यावरही त्याच्या पांढऱ्या जागा पूर्वींइतक्याच निर्धास्तपणें वाचल्या गेल्या. आणि तो दोष नकाशाचा थोडा व वाचणाराचा अधिक.

म्हणून आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या हातीं एखादा जुना सैनिकी नकाशा आला, किंवा घरांतील मुलांच्या मेजावर असल्या खेळाचा पट मांडलेला दिसला, तर त्यांनीं काळ्या जागांकडे पाहून झाल्यावर कोऱ्या जागांकडेही पाहावें, आणि ही जागा कोणासाठीं कोरी सोडली आहे, चालणारासाठीं, पाहणारासाठीं कीं मोजणारासाठीं, हें स्वतःस विचारावें. सें-प्रिव्हाच्या चढावर त्या दिवशीं जे शिपाई गेले, त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं नकाशा कधीं पाहिलाही नसेल. तो त्यांच्यासाठीं दुसऱ्या कोणी तरी वाचला होता.